व्ही, चमचा आणि ३ मिलिमीटरची पटाशी : लहान कोरण्यांना धार कशी लावावी?

ढलपी

नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून मी घरातल्या देवांसाठी सागवानी देव्हारा करत आहे. चौकट, खांब आणि पाठीमागची फळी यांचे काम नेहमीच्या पटाश्यांनी नीट झाले. अडले ते महिरपीवरची वेल कोरायला घेतल्यावर. त्या कामासाठी मी लहान कोरण्यांचा बारा नगांचा संच विकत घेतला. त्यात ३ मिलिमीटर रुंदीची सरळ पटाशी आहे, तिरप्या धारेची एक आहे, कमीअधिक खोलीच्या गोल पटाश्या आहेत, ६० अंशांची व्ही कोरणी आहे, आणि चमच्यासारखी पुढे वाकलेली एक व तिच्या उलट पाठीकडे वाकलेली एक अशा दोन वाकड्या कोरण्याही आहेत. मोठ्या पटाशीला धार लावणे मला येते. उतार, म्हणजे धारेमागची तिरपी बाजू, दगडावर टेकवायचा, कोन ढळू न देता पुढे-मागे न्यायचे आणि शेवटी पाठ सपाट धरून दोन हात मारायचे, हे वडिलांनी लहानपणीच शिकवले होते. या लहान हत्यारांना मात्र ते शिक्षण पुरत नाही.

घाई होती म्हणून यांतल्या चार कोरण्या मी बाजारातल्या एका धार लावणाऱ्याकडे दिल्या. त्याने त्या विजेच्या चाकावर धरल्या, आणि परत मिळाल्या तेव्हा टोकाचा चार-पाच मिलिमीटरचा भाग निळा पडलेला होता. धार दिसायला लखलखीत होती, पण सागवानात दहा मिनिटे चालवली की कड दुमडते. उरलेल्या आठ मी स्वतः कार्बोरंडमच्या दुहेरी दगडावर घासल्या, आणि तिथेही नुकसानच झाले. गोल पटाश्यांचे दोन्ही कान, म्हणजे धारेची दोन टोके, झिजून नखासारखे गोल झाले. ३ मिलिमीटरच्या पटाशीची धार काटकोनात न राहता एका बाजूला उतरली. व्ही कोरणीच्या तळाशी, जिथे दोन पाती एकमेकांना मिळतात तिथे, पोपटाच्या चोचीसारखा एक बारीक दात पुढे आला आहे. तो लाकडात आधी शिरतो आणि रेघेच्या दोन्ही कडा फाडत जातो. चमचा कोरणी तर दगडावर टेकवायची कशी, हेच मला उमगलेले नाही.

निळ्या पडलेल्या कोरण्या वाचवता येतील का, आणि अशा वेड्यावाकड्या आकारांना घरच्या साधनांनी धार लावण्याची खात्रीची रीत कोणती, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे. महिरपीचे अर्धे काम बाकी आहे आणि बोथट हत्याराने ते पुढे रेटायचे माझ्या मनात नाही.

टूलरूम

आपल्या चार कोरण्यांबद्दल आधी लिहितो, कारण तो भाग माझ्या कामाचा आहे. कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी तीस वर्षे गेली.

पोलाद तापत गेले की त्याच्या पृष्ठभागावर रंग चढतात. साधारण २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २४० च्या सुमारास गडद पिवळा, २५५ ला तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. साध्या कार्बन पोलादाच्या पटाशीला कारखान्यात पाणी दिल्यानंतर, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केल्यानंतर, तिचा ठिसूळपणा घालवण्यासाठी तिला पिवळ्या रंगापर्यंतच पुन्हा तापवतात. रंग निळ्यापर्यंत गेला याचा अर्थ तेवढ्या भागाचे पाणी उतरले; तो भाग आता स्प्रिंगसारखा चिवट आहे, धार धरण्याइतका कठीण नाही. मोठी पटाशी चाकावर धरली तर उष्णता मागच्या जाड पात्यात पसरते, पण ३ मिलिमीटरच्या पात्याला ती वाटून घ्यायला मागे पोलादच नसते, त्यामुळे दोन-तीन सेकंदांत काम बिघडते. निळा रंग पॉलिश करून काढला म्हणून कठीणपणा परत येत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

तरीही कोरण्या फेकू नका. एक बारीक कानस घ्या आणि पात्याच्या पाठीवर टोकाकडून मागे हलक्या हाताने चालवून पाहा. पाणी उतरलेल्या भागावर कानस पकड घेते, कठीण भागावर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. ही सीमा कुठे आहे ते खुणेने आखून घ्या आणि तिथपर्यंतचे पोलाद हाताने, दगडावर, पाण्यात वारंवार बुडवत काढून टाका. चार-पाच मिलिमीटर काढायला एका कोरणीमागे तासभर लागेल, पण त्यापुढचे पोलाद मूळचेच राहील. पुन्हा पाणी देण्याच्या खटपटीत घरी पडू नये असे माझे मत आहे. चुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे ७७० अंशांच्या पुढे, इतके बारीक टोक तापवायचे आणि तेलात बुडवायचे, यात पाते वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका मोठा आहे.

कोनासाठी एक सोपे माप देतो. पात्याची जाडी मोजा. उताराची लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन बरोबर ३० अंश येतो, सुमारे २.४ पट असेल तर २५ अंश, २.९ पट असेल तर २० अंश. पाते २ मिलिमीटर जाड असेल तर ३० अंशांसाठी उतार ४ मिलिमीटर हवा, २५ साठी ४.७. लहान हत्यारावर कोनमापक बसत नाही, पट्टी मात्र बसते. सागवानासाठी मी ३० अंश ठेवीन.

३ मिलिमीटरच्या सरळ पटाशीची अडचण अशी की तिचा उतार दगडावर टेकला तरी रुंदी कमी असल्यामुळे ती डावी-उजवीकडे कलंडते. लाकडाचा आगपेटीएवढा ठोकळा घ्या, त्यात पाते घट्ट बसेल अशी खाच ठरलेल्या कोनात पाडा, आणि पटाशी त्यात रोवून ठोकळ्यासकट दगडावर ओढा. ओढताना हात फक्त आपल्याकडे यावा. पुढे ढकलताना अरुंद धार दगडात रुतते आणि दगडावर चर पडतो.

तुंबा

टूलरूम यांनी पोलादाबद्दल जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. कोरीवकामाच्या कोरण्यांना ३० अंश ठेवावेत याच्याशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याचे कारण पुढे सांगतो.

मी मिरजेत तंबोऱ्याचे काम शिकलो. भोपळ्याच्या खांद्यावर लाकडाची जी कोरलेली पाने बसवतात, त्यांवर माझी पहिली दोन वर्षे गेली, आणि त्यातला निम्मा वेळ धार लावण्यात गेला. आमच्या गावात तंतुवाद्ये बनवण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून झाली असे मानतात, आणि शिकलगार म्हणजे तलवारींना धार व चकाकी देणारे कारागीर. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सगळीकडे सुरांविषयी लिहून आले. मला मात्र त्या वेळी पोलादाची नस ओळखणारे ते पहिले हात आठवत होते.

आता मुद्द्याचे. मोठ्या पटाशीला दगड स्थिर असतो आणि हत्यार फिरते. लहान, वाकड्या कोरणीला हे उलटे करा. कोरणी व्हाइसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये धरा, किंवा मूठ छातीशी टेकवून पाते टेबलाच्या कडेवर ठेवा, आणि दगड तिच्यापाशी न्या. डोळ्यांसमोर धार स्थिर असते, त्यामुळे दगड कुठे लागतो आहे ते दिसते. चमचा कोरणीचे कोडे एवढ्यानेच सुटते. तिचे टोक वर वळलेले असल्यामुळे सपाट दगडावर उतार टेकवायचा तर मूठ जवळजवळ उभी धरावी लागते, आणि त्या स्थितीत कोन राखणे कोणालाच जमत नाही. पाठीकडे वाकलेल्या कोरणीचे नेमके उलट असते. तिची मूठ दगडाच्या पातळीखाली जावी लागते, म्हणून दगडच वापरायचा असेल तर तो टेबलाच्या अगदी कडेला ठेवा.

दगडही लहान हवा. एक कड जाड आणि गोल, दुसरी निमुळती, असे हातात मावणारे दगड मिळतात. ते नसतील तर लाकडी गोल काडीवर ४०० नंबरचा वॉटर पेपर एकच वेढा देऊन चिकटवा. कागदाचे दोन थर झाले की तो मऊ पडतो आणि धारेची कड गोल करतो. त्यानंतर ८००, १५००, २००० असे चढत जा.

गोल पटाशीचे कान का झिजले, ते सांगतो. आपण ती दगडावर लांबीच्या दिशेने चालवली असावी आणि मनगट फिरवताना कानाच्या पुढे गेला असाल. गोल पटाशी दगडावर आडवी चालते, आणि चालता चालता मनगटातून वळते. एका कानापाशी टेकली की थांबते, परत फिरते, दुसऱ्या कानापाशी थांबते. कान दगडाला टेकल्याचे बोटांना कळते. तिथून केसभर पुढे गेले की कान गेलाच.

या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे, जी आपण केलेली दिसत नाही. धार वेडीवाकडी झालेली कोरणी तशीच घासत बसू नये. ती दगडावर उभी, काटकोनात धरावी आणि सगळी धार एका रेषेत येईपर्यंत हलकेच ओढावी. कोरणी पूर्ण बोथट होईल, होऊ द्या. आता दिव्याखाली समोरून पाहिले तर धारेच्या जागी एक पांढरी, चकाकणारी रेघ दिसते. जिथे रेघ जाड, तिथे उताराचे पोलाद जास्त काढायचे आहे. जिथे बारीक, तिथे कमी. दगडाचे दोन-चार हात मारावेत आणि पुन्हा पाहावे. रेघ सगळीकडे सारखी झाली, मग दोऱ्यासारखी झाली, मग दिसेनाशी झाली, की थांबावे. त्या क्षणाच्या पुढे मारलेला प्रत्येक हात आकार बिघडवतो. बोटाच्या टोकाने आतून बाहेर चाचपले तर पोटाच्या, म्हणजे आतल्या खोलगट, बाजूला वळलेली पोलादाची बारीक कड लागते. ती निमुळत्या दगडाने आतून काढायची असते, बोटाने मोडायची नसते.

कोनाचे असे आहे. कोरीवकामात हत्यार हाताच्या दाबाने चालते, मोगरीचा मार क्वचितच बसतो. ३० अंशांची कोरणी लाकडातून बाहेर येऊ पाहते आणि तिला खाली दाबत बसावे लागते. मी बाहेरचा उतार २० ते २२ अंश ठेवतो आणि आतल्या बाजूने, पोटाकडून, अगदी लहानसा दुसरा उतार देतो. कड दोन्हीकडून आधार मिळाल्यामुळे टिकते, आणि कोरणी उलटी धरून पानाची फुगीर बाजू घडवताना तीच आतली उतरण उपयोगी पडते. आम्ही बहुतेक काम तून लाकडात करतो. आपले लाकूड सागवान आहे आणि सागवानात सिलिका असते, ती कोणत्याही धारेला खाते. म्हणून आपण २५ अंश ठेवावेत, पण धार वरचेवर जागी करावी.

ती जागी करण्याची रीत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शिवणीसारख्या मऊ लाकडाचा एक तुकडा घ्या आणि ज्या कोरणीला धार लावायची आहे तिनेच त्यात वीतभर लांब चर कोरा. तो चर त्या कोरणीच्या बाहेरच्या आकाराशी तंतोतंत जुळतो. त्यात बफिंगचा, म्हणजे धातूला चकाकी आणण्याचा, हिरवा साबण घासा आणि कोरणी उताराच्या कोनात टेकवून फक्त मागे ओढा. दहा-बारा वेळा पुरे. त्याच तुकड्याची एक कड कोरणीच्या पोटात बसेल अशी गोल करून तिलाही साबण लावा, म्हणजे आतली बाजूही होते. प्रत्येक कोरणीचा स्वतःचा चर असावा. माझ्या एका फळीवर चौदा चर आहेत आणि प्रत्येकापाशी कोरणीचा आकार पेन्सिलीने काढलेला आहे. सागवानात दर दहा-पंधरा मिनिटांनी कोरणी चरातून ओढून घेतली तर दगडाची पाळी आठवडाभर येत नाही.

धार लागली की नाही हे अंगठ्यावर पाहू नका. मऊ लाकडाच्या आडव्या छेदावर एक काप घ्या. कापाची जागा चकाकली पाहिजे. पांढुरकी, चुरगळलेली दिसली तर धार नाही, आणि चकाकीत एखादी पांढरी रेघ उमटली तर धारेत त्या जागी खाच आहे.

छापचित्र

मी लाकडी ठोकळ्यांवरून छापचित्रे करते. आमच्या कोरण्या आपल्यापेक्षाही लहान असतात, १ ते २ मिलिमीटरच्या, आणि त्यांच्या पोटात जाईल असा दगड मिळत नाही. त्यासाठी मी सायकलचा तुटलेला आरा वापरते. त्याची जाडी साधारण २ मिलिमीटर असते. त्याहून बारीक लागले तर शिवणाची मोठी सुई. आऱ्याला २००० नंबरच्या वॉटर पेपरची पट्टी एक वेढा देऊन लावायची आणि कोरणीच्या पोटातून बाहेरच्या दिशेने फिरवायची. अगदीच अरुंद व्ही असेल तर जाड सुती दोऱ्याला हिरवा साबण चोळून तो कोरणीच्या पोटातून ओढला तरी वळलेली कड निघून जाते.

आणखी एक सुचवते. आपल्याला सराव करायचा असेल तर तो विकतच्या कोरण्यांवर करू नका. जुन्या छत्रीच्या काड्या आतून पन्हळीसारख्या असतात. त्यांचे बोटभर लांब तुकडे कापून, मूठ बसवून, टोकाला बाहेरून उतार दिला की लहान गोल कोरणी तयार होते. विद्यार्थिदशेत मी त्यांवरच काम केले. सागवानात त्या टिकणार नाहीत, पण पांढरी रेघ जाडीची बारीक होताना पाहण्याचा सराव त्यांवर छान होतो, आणि बिघडल्या तर जिवाला लागत नाही.

कोकणातल्या मंडळींसाठी एवढेच की पावसाळ्यात कोरणीच्या पोटात गंज आधी धरतो आणि तो दिसत नाही. काम संपल्यावर कापसाच्या बोळ्याने आतून यंत्रतेलाचा हात फिरवून ठेवावा.

टूलरूम

तुंबा यांनी कोनाबद्दल जे लिहिले ते मान्य आहे. मी सांधेकामाच्या पटाश्यांच्या हिशेबाने ३० अंश लिहिले, तिथे मोगरीचा मार असतो. आतून दुसरा उतार देण्याची रीत मला माहीत नव्हती. धातूकामाच्या दृष्टीने विचार केला तर ती योग्य आहे, कारण कडेचा एकूण कोन वाढतो आणि बाहेरचा उतार तसाच राहतो.

ढलपी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगितलेले सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

कानशीची परीक्षा केली. चारपैकी तीन कोरण्यांवर ती टोकापासून सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत पकड घेत होती आणि तिथून पुढे घसरत होती. त्या तीनही दोन रविवारांत हाताने मागे आणल्या आणि आता त्या मूळच्यासारख्या चालतात. चौथीचे पाते आखूड असल्यामुळे ती बाजूला ठेवली आहे. ३ मिलिमीटरची पटाशी ठोकळ्यात बसवून काटकोनात आली. छत्रीच्या काडीवर दोन संध्याकाळी सराव केल्यावर गोल पटाश्यांना हात लावला, आणि पांढरी रेघ नाहीशी होण्याचा तो क्षण पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पत्नीला हाक मारून दाखवला. चरांची फळीही केली आहे.

व्ही कोरणी मात्र अजून हट्ट सोडत नाही. आधी चोच होती, ती काढायला गेलो तर आता त्याच जागी खाच पडली आहे. दोन्ही पाती पुढे आणि मधला सांधा मागे. रेघ कोरताना दोन समांतर ओरखडे येतात आणि मधले लाकूड तसेच उभे राहते. यात माझे काय चुकते आहे?

तुंबा

आपण तिला अजून दोन पात्यांचे हत्यार समजत आहात. व्ही कोरणीत दोन सरळ पटाश्या असतात आणि त्यांच्या मध्ये एक अतिशय लहान गोल पटाशी असते, अशी ती तीन हत्यारे मानून चालावे. दोन पाती जिथे मिळतात तिथे आतला कोपरा कधीच पूर्ण टोकदार नसतो, त्यामुळे सांध्यापाशी पोलाद जाड राहते. दोन्ही बाजूंचे उतार सपाट घासले की ते जाड पोलाद मागे उरते आणि चोच दिसू लागते. ती काढण्यासाठी आपण सांध्याच्या कण्यावर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कडेवर, जोर दिलात, तो गरजेपेक्षा जास्त झाला, म्हणून खाच आली.

खाच भरून निघत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. कोरणी काटकोनात धरून खाच नाहीशी होईपर्यंत धार बोथट करा. मग डावा उतार सपाट दगडावर, रेघ दोऱ्याइतकी होईपर्यंत. मग उजवा तेवढाच. दोन्हीकडे दगडाचे हात मोजून सारखे मारा, नाहीतर व्ही एका अंगाला झुकतो. या वेळी सांध्यापाशी एक जाड पांढरा ठिपका उरलेला दिसेल. चोच त्यातूनच तयार होते. आता कोरणी कण्यावर टेकवून डावीकडून उजवीकडे इतकी हलकी वळवा की दगडाला तिचे वजनही लागू नये, आणि प्रत्येक दोन वळणांनंतर तो ठिपका पाहा. तो बाजूच्या रेघांइतका बारीक झाला की लगेच थांबा. त्यानंतर आतून निमुळत्या कडेचा दगड सांध्यात दोन वेळा ओढा. त्या दगडाची कड आधी वॉटर पेपरवर घासून सांध्याच्या आतल्या गोलाईइतकीच गोल करून घ्या, नाहीतर ती एका पात्याला खाते. शेवटचे उरलेले सगळे काम चरात करा.

चर मात्र खाच पडलेल्या कोरणीने कोरलेला असेल, तर तो टाकून द्या आणि धार आल्यावर नवा कोरा.